माळ्यावरचा डेस्कटॉप राऊटर म्हणून: वडगावातल्या एका घराचा आठ महिन्यांचा हिशेब

दर महिन्याच्या २० तारखेला आमच्या घरात सगळे माझ्याशी जपूनच बोलतात. मी बेळगावच्या वडगावात घरी बसून जीएसटीची कामं करते. साडीचे व्यापारी, शहापुरातले दोन सराफ, मच्छेचा एक वर्कशॉपवाला, मिळून तेवीस जणांची रिटर्न्स. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. दिवाळीच्या आधी अशाच एका २० तारखेला रात्री नऊ वाजता चलनाच्या पानावर गोल चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. आतून मुलगी ओरडली, "आई, मी क्लासला बसलो होतो, सर मधेच गोठले!" (आमच्याकडं पोरीही 'बसलो'च म्हणतात.) बाहेर मामांची (सासऱ्यांची) कबड्डी अडकली. केबलवाल्याला फोन लावला. त्यानं तिकडून बघून सांगितलं, लाईन बरोबर आहे मॅडम, ५० एमबीपीएस पूर्ण येतंय.

तो खोटं बोलत नव्हता. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "अक्का, काळी खिडकी उघड आणि पिंग लाव." लावलं. चिठ्ठी जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, ते पिंग सांगतं. आकडा ४०० च्या वर. "आता एकेकाचा मोबाईल बंद करायला सांग." मुलीचा बंद केला, काही फरक नाही. मामांचा बंद केला, नाही. ह्यांचा बंद केला आणि आकडा धाडकन ९ वर आला. पुतण्याच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ ह्यांनी त्या दिवशी मोबाईलमध्ये घेतले होते आणि ते वायफाय मिळाल्याबरोबर गुपचूप वर चढत होते. इतकी वर्षं मी पोर्टलला शिव्या घातल्या, गळती आमच्याच घरात होती.

मी म्हटलं, चांगला राऊटर घेते. भाऊ म्हणाला, "नवा कशाला घेतीस? माळ्यावर तो ऑफिसचा डबा पडलाय की."

डबा म्हणजे मी पूर्वी ज्या सीएंकडं होते, त्यांनी ऑफिस बदलताना देऊन टाकलेला बारका डेस्कटॉप. २०१२ ची खरेदी, आत इंटेल आय-३ २१२०, ४ जीबी रॅम. विंडोज चालू व्हायला त्याला एवढा वेळ लागायचा, की तोवर माझा चहा करून पिऊन व्हायचा. भंगारवाल्यानं अडीचशे सांगितले होते. म्हणून तो माळ्यावर राहिला, लग्नातल्या पितळी घागरीशेजारी.

त्यावर घातलं ओपीएनसेन्स. साध्या कॉम्प्युटरचा राऊटर करणारं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. त्याचं कूळ थोडक्यात सांगते. २००३ साली मॅन्युएल कॅस्पर या स्विस माणसानं मोनोवॉल नावाचा छोटा फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारेकरी, केला. त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं, आणि त्यातून २०१५ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या डेसिसो कंपनीनं ओपीएनसेन्स वेगळं काढलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅस्परनं मोनोवॉल बंद केलं आणि आपल्या लोकांना ओपीएनसेन्सकडं जा म्हणून सांगितलं. भावकीत वाटण्या झाल्यावर म्हाताऱ्यानं धाकट्याकडं राहायला जावं, तसं काहीसं.

कॉम्प्युटरचा राऊटर करायला त्याला नेटवर्कची दोन भोकं लागतात. एकात बाहेरून आलेली लाईन, दुसऱ्यातून घरात. आमच्या डब्याला एकच होतं, तेही नशिबानं इंटेलचं. दुसऱ्यासाठी आधी मी टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ चौकशी करून स्वस्तातलं एक कार्ड आणलं. ते लागलं, चाललंही, पण जरा ओझं पडलं की लाईन मधेच तुटायची, पुन्हा जोडायची. फ्रीबीएसडीला काही बनावटीच्या कार्डांशी नीट जमत नाही, इंटेलच्या कार्डांशी छान जमतं, हे मला पैसे गेल्यावर कळलं. मग भावानं येताना पुण्याहून वापरलेलं इंटेलचं एका भोकाचं कार्ड आणलं, ९०० रुपये. जाताना त्याला अर्धा किलो कुंदा दिला, तेव्हा व्यवहार बरोबरीत सुटला.

पण कार्डाची पत्र्याची पट्टी होती उंच, आणि आमचा डबा बुटका. झाकणच लागेना. बुटक्या डब्याला अर्ध्या उंचीची पट्टी लागते, घेणाऱ्यांनी हे आधी बघून घ्या. दोन आठवडे कार्ड पट्टीशिवाय नुसतं खाचेत उभं होतं. वायर ओढली गेली की बाहेर यायचं. शेवटी शेजारच्या मागवाल्या काकांनी पट्टी घेतली, पकडीत धरली, कापली, वाकवली आणि भोक पाडून दिलं. अख्खा यंत्रमाग खोलून बसवणाऱ्या माणसाला पट्टीचं काय कौतुक? माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात सुबक काम तेच.

बसवायला एक संध्याकाळ पुरली. पेनड्राईव्हवर फाईल उतरवायची, पण आलेली फाईल दाबलेली असते, आधी ती सोडवायला लागते. मी तशीच चढवली आणि अर्धा तास काळ्या पडद्याकडं बघत बसले. पेनड्राईव्हवरून चालू झालं की नाव 'इन्स्टॉलर' आणि पासवर्ड 'ओपीएनसेन्स' टाकायचा, मग ते डिस्कवर बसतं. तिथं झेडएफएस की यूएफएस असं विचारतं, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या दोन पद्धती. आमच्याकडं करंट केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून झेडएफएस घेतलं. अचानक बंद पडण्याचा मार ते जास्त चांगला सोसतं. मॉनिटर आणि कीबोर्ड एवढ्यापुरतेच लागतात, पुढचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून.

दोन्ही कार्डं इंटेलची, त्यामुळं त्यांची नावं ईएम-० आणि ईएम-१. यातलं बाहेरचं कुठलं आणि घरातलं कुठलं? यावर त्यांनी छान सोय केलीये. सगळ्या वायरी काढायच्या, 'ए' दाबायचं, ज्या भोकाला बाहेरचं करायचं त्यात वायर खुपसायची. ते आपोआप ओळखतं. मामा शेजारी बसून बघत होते, त्यांना एवढं एकच पटलं.

पुढं मी अडकले दोन ठिकाणी. पहिलं, ओपीएनसेन्सचा घरातला पत्ता आपोआप १९२.१६८.१.१ असतो आणि केबलवाल्याच्या फायबरच्या डब्याचाही तोच होता. दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमन काय करणार? घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि मिटलं. दुसरं अडलं ते केबलवाल्याकडं. त्याचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा होता, म्हणजे लाईनच्या लॉगिनचं (पीपीपीओईचं) नाव-पासवर्ड माझ्या कॉम्प्युटरनं टाकायचं आणि त्याच्या डब्यानं नुसता प्रकाशाचा सिग्नल वायरीत उतरवायचा. फोनवर उत्तर आलं, "आगल्ल मॅडम," म्हणजे होणार नाही. कन्नडमधला हा एक शब्द मी लहानपणापासून सगळ्या खिडक्यांवर ऐकलाय. दोन दिवसांनी त्याचाच पोरगा दुसऱ्या कामाला गल्लीत आला, त्याला घरी बोलावलं, चहा दिला. मी मोडक्या कन्नडमध्ये, तो मोडक्या मराठीत. पाच मिनिटांत "आयतु" (झालं) म्हणाला. त्यांच्याकडं जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) बांधलेला होता, तोही त्यानं फोन करून सोडवून घेतला. तुमच्याकडं असा पोरगा नसेल, तर जुन्या राऊटरचा मॅक पत्ता ओपीएनसेन्समध्ये लिहिता येतो, बाहेरच्या इंटरफेसच्या पानावर जागा आहे.

वायफाय या डब्यातून निघत नाही, हे नीट लक्षात घ्या. आमचा जुना वायफाय राऊटर मी फेकला नाही. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं, त्याला त्याच रांगेतला वेगळा पत्ता दिला आणि वायर त्याच्या लॅनच्या (घरातल्या) भोकात घातली, वॅनच्या (बाहेरच्या) नाही. आता तो फक्त वायफाय सोडतो. घरात एक डबा वाढला, कमी झाला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याबद्दल. ऊसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असला की मागं स्कूटरवाल्याचे काय हाल होतात, ते इकडच्या लोकांना सांगायला नको. रस्ता रुंद आहे की नाही हा प्रश्नच नसतो, पुढं कोण आहे हा असतो. इंटरनेटचंही तसंच होतं. व्हिडिओ वर चढवणारा मोबाईल ट्रॉल्यांवर ट्रॉल्या सोडतो, त्या केबलवाल्याच्या डब्यात लांब रांग लावून उभ्या राहतात, आणि माझ्या चलनाची एवढीशी चिठ्ठी त्यांच्या मागं. याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाची रीत मांडली. किती माल रांगेत आहे हे ती मोजत नाही, किती वेळ थांबलाय हे मोजते. ५ मिलिसेकंदांच्या वर ताटकळणं चालूच राहिलं की ती एखादं पाकीट टाकून देते, आणि पाठवणारा आपोआप हळू होतो. पुढं त्यात प्रत्येकाची वेगळी रांग आली, त्याला एफक्यू-कोडेल म्हणतात. ओपीएनसेन्सच्या शेपरमध्ये, म्हणजे वेगाला आवर घालणाऱ्या भागात, ते तयारच असतं. दोन पाईप करायचे, एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा, त्यांना रांगा आणि नियम जोडायचे.

यातली किल्ली अशी, की पाईपचा आकडा लाईनच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवायचा. मी ५० च्या लाईनला ४५ ठेवला. आपण पूर्ण वेग ठेवला तर रांग पुन्हा केबलवाल्याच्या डब्यातच लागते, आणि तिथं आपलं काही चालत नाही. कमी ठेवला की रांग आपल्या अंगणात लागते आणि तिची शिस्त आपण लावतो. पहिल्यांदा मामा म्हणाले, "पैसे ५० चे देतोय आणि ४५ कशाला घ्यायचं?" मी त्यांना पिंगचे दोन आकडे दाखवले. ह्यांच्या मोबाईलवरून मुद्दाम व्हिडिओ चढवायला लावले: आधी ४००, आता २०-२२. पुढची २० तारीख आली, मुलीचा क्लास, मामांची कबड्डी आणि माझी रिटर्न्स एकाच वेळी चालू होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रोसेसरला यात काही कामच नाही, दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. फ्रीबीएसडीवर पीपीपीओईचा सगळा भार एकाच कोअरवर पडतो, म्हणून १००० एमबीपीएसच्या लाईनला एवढा जुना प्रोसेसर दमतो. ५० आणि १०० वाल्यांनी त्याची काळजी करू नये.

बाकी गोष्टी मी भराभर सांगते. कोण किती नेट ओढतंय ते इनसाईट नावाच्या पानावर दिसतं. दिसलं की भांडण होतं, म्हणून मी ते पान घरात कुणाला दाखवत नाही. जाहिराती अडवायची यादी अनबाउंडमध्ये, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या भागात, एका टिकेवर लागते. साईटवरच्या जाहिराती गेल्या, यूट्यूबच्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. पण पहिल्याच दिवशी मी सगळ्यात कडक यादी लावली आणि आत्तींची (सासूबाईंची) मालिका ज्या ॲपवर लागते ते उघडेना. संध्याकाळी साडेसातला. ती यादी काढली, मऊ यादी लावली. बाहेरगावाहून घरच्या टॅलीत शिरायचं होतं, त्यासाठी वायरगार्ड (बाहेरून घरात यायचा खाजगी रस्ता) करून बघितलं, जमलं नाही. बाहेरचा पत्ता बघितला तर १०० नं सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला. म्हणजे केबलवाल्यानं एकाच खऱ्या पत्त्यामागं अनेक घरं बसवलीत, बाहेरून आपलं दार कुणाला दिसतच नाही. यात ओपीएनसेन्सचा काही दोष नाही. टॅलीच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल घातलं, ते असं दार न दिसतानाही जोडून देतं, आणि काम झालं.

आता पैसे. जुना कॉम्प्युटर फुकट पडतो असं जो म्हणतो, त्यानं लाईटबिल भरलेलं नसतं. भावानं आणलेल्या वॅटमीटरवर आमचा डबा ३४ वॅट खात होता. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला साडेचोवीस युनिट. आम्हाला कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य बिल येत होतं. त्यात प्रत्येक घराला त्याच्या जुन्या सरासरीवर थोडी वाढ धरून युनिटं ठरलेली असतात, त्यावर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल. आमची मर्यादा ११८. आम्ही १०५ च्या आसपास असायचो. डिसेंबरात पहिल्यांदा पैशाचं बिल आलं. बिल कन्नडमध्ये असतं, मामांना वाचता येत नाही, पण शून्य सोडून दुसरा आकडा आलेला लांबूनही दिसतो.

मग मी डबा उघडून डीव्हीडी ड्राईव्हची वायर काढली, जुन्या हार्डडिस्कच्या जागी बारकी एसएसडी घातली आणि सेटिंगमध्ये पॉवरडी चालू केलं, त्यानं प्रोसेसर रिकामा असताना हळू चालतो. २७ वॅटवर आला. महिन्याला साडेएकोणीस युनिट. मर्यादा अजूनही कधी पाळली जाते, कधी चार-सहा युनिटांनी हुकते. युनिटला सहा रुपये धरून वर्षाची वीज चौदाशेची. इंटेल एन-१०० ची बिनपंख्याची पेटी मिळते, चार भोकं असलेली. ती १० वॅटच्या आसपास खाते, पण मला सांगितलेली किंमत १५,००० च्या पुढं. वाचणारी वीज वर्षाला ८८० रुपयांची. पेटीचे पैसे वसूल व्हायला सतरा वर्षं लागतील. मी घेत नाही.

आणि ज्यांना फक्त रांगेची शिस्त हवी आहे, बाकी काही नको, त्यांनी कॉम्प्युटर लावूच नये. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर घालायचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा साधा राऊटर शोधा, त्यातही हीच सोय आहे आणि वीज बरीच कमी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी तेच केलं असतं. आता डबा बसलाय, शिकून झालंय, आणि खरं सांगायचं तर त्याचा लळा लागलाय.

जूनचा प्रकार मात्र सांगायलाच हवा. मी माहेरी खानापूरला गेले होते. रात्रभर पाऊस, करंट गेला तो सहा तास आला नाही, इन्व्हर्टर संपला. सकाळी आत्तींचा फोन, नेट नाही. डब्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्राममध्ये, करंट आल्यावर आपोआप चालू हो, असं मी लावून ठेवलं होतं. म्हटलं, आत्ती, काळ्या डब्याचं पुढचं बटण दाबा. दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, नेट नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. फोनवर असं तासभर चाललं. शेवटी दुपारच्या बसनं घरी आले, मॉनिटर जोडला. पडद्यावर एकच ओळ: पुढं जायला एफ-१ दाबा. कीबोर्ड नसलेल्या कॉम्प्युटरला!

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला होता. करंट असेपर्यंत कळलं नाही, करंट गेल्यावर बायॉस सगळं विसरलं: आपोआप चालू व्हायचं, तारीख, सगळं. एफ-१ दाबलं, चालू झालं, तरी एकही साईट उघडेना. आकड्याच्या पत्त्याला पिंग जातंय, नावाला नाही. डोकं धरून बसले. मग कोपऱ्यातली तारीख दिसली: १ जानेवारी २०११. मी मोठ्या हौसेनं डीएनएससेक टिक करून ठेवलं होतं, नावावरून मिळालेला पत्ता खरा आहे का ते तपासणारं. त्यात प्रत्येक उत्तरावर सही असते आणि सहीला मुदत असते. २०११ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजची कुठलीच सही खरी वाटेना, म्हणून तो एकही नाव सोडवेना. वेळ दुरुस्त करायला त्याला वेळेच्या सर्व्हरकडं जायचं, तर त्या सर्व्हरचंही नावच लिहिलेलं. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना. बायॉसमध्ये हातानं तारीख घातली, तेव्हा सुटलं.

सीआर २०३२ नंबरचा सेल, घड्याळाच्या दुकानात चाळीस रुपये. तुम्ही माळ्यावरून कॉम्प्युटर काढणार असाल तर सगळ्यात आधी हा सेल बदला, मग बाकीचं. आणि बायॉसमध्ये कीबोर्ड नसला तरी थांबू नको, असं एक सेटिंग असतं, तेही बघा. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू नसेल तर करंट जाता-येता डबा बंद पडून पुन्हा उठतो आणि दीड-दोन मिनिटं घर नेटविना. आमच्या गल्लीत माग आहेत, सकाळी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे डुलतात, त्यामुळं हे मला लवकर कळलं. येळ्ळूर रोडला खोदाईत फायबर तुटलं की मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही, हेही घरच्यांना सांगून झालंय. त्यांना पटलेलं नाही. नेट गेलं की आता केबलवाल्याला फोन करत नाहीत, मला करतात.

भाऊ म्हणतो, खानापूरला आई-बाबांकडंही असाच डबा बसवूया. मी नको म्हटलंय. तिथं तो मेला तर बसनं मलाच जायला लागणार. त्यांना साधा राऊटर दिलाय, बंद करून चालू केला की चालतो.

मी पाचपैकी चार देते. एक लाईटबिलाचा कापला.

ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, जानेवारीत आणि जुलैत. जुलैची येईल तेव्हा घरच्या बाकी कॉम्प्युटरांसारखं लगेच 'अपडेट' दाबणार नाही. आधी सेटिंगची फाईल पेनड्राईव्हवर उतरवून ठेवणार, आणि कॅलेंडरवर २१ तारीख बघूनच हात लावणार.